आमच्या ऑफिसातले वझे

सोम. ४ नोव्हेंबर १९५७, जळगाव
यंदाचे उमेदवार हजर झाले. दोघे. पुण्याच्या सहकार-शिक्षणाच्या वर्गातून दर हिवाळ्यात आमच्या केळी-संघात काम शिकायला पाठवतात, ते. मागच्या खेपेच्या एकाने माझ्या टाइपरायटरवर चहा सांडला, दुसरा जाताना माझी छत्री घेऊन गेला. यंदा काय होतं ते बघायचं.

पहिला देवरे. शिंदखेड्याचा. तासाभरात सगळ्या ऑफिसची नक्कल करून दाखवली, माझीही. (मी बोलताना मान एवढी ताठ करते? घरी नानांना विचारलं. नाना म्हणाले, करतेस.)

दुसरा मलबारचा. उंच, सावळा, शर्टाला कडक इस्त्री. भालेराव साहेब यादी वाचत होते. देवरे झालं, पुढे इंग्रजी 'Vazhayil'पाशी अडले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "गोविंद वझे."
"वाळयिल, सर. गोविंदन वाळयिल."
"तेच ते. वझे. बसा."

मी वाळयिल लिहिते खरी, पण तसं नाहीच ते. मधलं अक्षर ळ नाही, र नाही, य तर नाहीच. जीभ आत वळवून मध्येच सोडून दिल्यासारखं काहीतरी. दुपारी कोणी नसताना दोनदा म्हणून पाहिलं. जमलं नाही. शिपाई सुकलालने दारातून विचारलं, "अक्का, घसा दुखस का?"

६ नोव्हें.
सुकलालने मलबारी उमेदवाराला रीतसर विचारलं, "तुमनं नाव काय शे?" त्याने सांगितलं. सुकलालने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, मुळीच न चिडता. सुकलाल म्हणाला, "हाई नाव मन्हा तोंडमा बसत नही. वझे सायेब बरं शे." झालं. शिपायाने म्हटलं की ऑफिसने म्हटलंच.

तो फक्त दर वेळी हळू आवाजात दुरुस्ती करतो. "वाळयिल." कोणी ऐकत नाही. हाक मारणारा तोवर पुढे गेलेला असतो.

मला बरं वाटलं असं नाही, पण सोबत मिळाल्यासारखं झालं. नऊ वर्षं ग्रामोपाध्ये या नावाने इथे बसते आहे. साहेबांनी तिसऱ्या दिवशी 'बाई' केलं. रावेर-सावद्याचे बागायतदार 'गरमपाध्ये' म्हणत, त्याचं पुढे 'गरमपाणी' झालं. काल एक म्हातारा काउंटरवर येऊन म्हणाला, "गरमपाणी बाई कुठी हायेत?" देवरे म्हणाला, "बंबावर." सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत सवय होते.

रवि. १० नोव्हें.
साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. आमची ओसरीलगतची खोली रिकामी आहे, आत्या दोन-तीन विद्यार्थ्यांना जेवण घालतेच, तर उमेदवार तिथे राहील. नानांना येऊन सांगून गेले, "आमचे वझे आहेत, गरीब मुलगा आहे."

मी आत्याला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. वझे नाही तो. वाळयिल. मलबारचा.
आत्या पोळी लाटत होती. "काय म्हणालीस?"
"वाळयिल."
"ते काही मला म्हणता यायचं नाही," ती म्हणाली. "वझेच बरं."
आणखी काही विचारलं नाही. पण संध्याकाळी त्याचं ताट-वाटी आमच्या भांड्यांत न ठेवता खिडकीत वेगळं ठेवलं. मी पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं.

२१ नोव्हें.
मराठी शिकतो आहे. पुस्तकाशिवाय. ऑफिसात सुकलालकडून, घरी आत्याकडून. परिणाम असा की चहा आला की साहेबांना म्हणतो, "सायेब, चहा ऊना शे," आणि घरातून निघताना आत्यासारखाच दारात उभा राहून म्हणतो, "बरं, मी येते हं."
नाना पोट धरून हसले. आई गेल्यापासून नाना असे हसलेले मला आठवत नाहीत.
आत्या हसली नाही. त्याला सरळ म्हणाली, "येतो म्हणावं रे. तू बाप्या आहेस."
"बाप्या," तो म्हणाला. नवा शब्द मिळाला म्हणून खूष.

३ डिसेंबर
सावद्याला गेलो, रेल्वेच्या डब्यांत केळी भरण्याचं काम उमेदवारांना दाखवायला. साहेब, दोन्ही उमेदवार, मी (नोंदी टिपायला). स्टेशनच्या धक्क्यावर एक बागायतदार भेटले, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी नाव विचारलं. मलबारी उमेदवाराने सांगितलं आणि आज प्रथमच अर्थही सांगितला. त्याच्या भाषेत ते घराचं नाव आहे. त्याचा पूर्वार्ध म्हणजे केळीचं झाड. केळीपाशी ज्यांचं घर, ते.
आबा थांबले. "केयीचं झाड? तुमचं आडनाव?"
"हो."
"मंग तुम्ही इथं कायले शिकायला आले? तुम्ही आम्हाले शिकवा."

मग त्याने आणखी एक सांगितलं. हे अक्षर इथे सगळ्यांना अवघड वाटतं ना, त्याच्या गावी किनाऱ्यावरचे कोळी-खलाशीदेखील ते म्हणत नाहीत, सरळ य म्हणतात. वाय. आबांनी लगेच म्हटलं, "वाययिल." अगदी बरोबर, तो म्हणाला, माझ्या आजीच्या शेजारीण असंच म्हणते.
'शेजारीण'च्या आधी 'आजीची' असं म्हणायचं होतं. दुरुस्त केलं नाही.

आमच्याकडे ळचा य करतात म्हणून शाळेत नाना पोरांच्या हातावर छड्या मारायचे. घरी येऊन ही गोष्ट सांगितली. नाना विचारात पडले. मग म्हणाले, "वाळ म्हणजे केळ. म्हणजे मराठीत भाषांतर केलं तर केळकर. वझे काय, केळकर काय, कसाही धरला तरी कोकणस्थच!"
आत्या आत होती. भांडी वाजली.

१७ डिसें.
भरिताचे दिवस. आबांनी मळ्यावर बोलावलं होतं. कपाशीच्या काट्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. मलबारी उमेदवाराने तोडून टाकलेल्या केळीचा खांब सोलून आतला गाभा काढला, बारीक चिरला, आबांच्या सूनबाईंकडून खोबरं मागून घेतलं आणि भाजी केली. आबांच्या घरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. पुरुष चुलीशी बसलेला. आबांनी दोनदा घेतली. देवरेने एकदा घेतली आणि म्हणाला, "जनावराला टाकतो आम्ही हे." "जनावर हुशार आहे," तो म्हणाला.
आत्यासाठी डब्यात आणली. तिने चाखली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा होता. कोणी खाल्ली विचारलं नाही.

४ जानेवारी १९५८
खिडकीतलं ताट नाही. आमच्या ताटांच्या चळतीत आहे. कधीपासून, लक्षात नाही आलं.

१४ जाने., संक्रांत
त्याने सगळ्या ऑफिसला तिळगूळ दिला, प्रत्येकाला पुरं नाव घेऊन. भालेराव साहेबांना 'श्री. भालेराव', सुकलालला 'श्री. सुकलाल महाजन' (सुकलालचं आडनाव मला आज कळलं). माझ्यापाशी येऊन म्हणाला, "श्रीमती शांता ग्रामोपाध्ये." एकही अक्षर खाल्लं नाही. म्हणजे याने कधीतरी बसून, पाठ करून...
मी 'गोड बोला' म्हणायचं विसरले.

२७ जाने.
देवरे नवीन नक्कल करतो: 'वझे सायेब स्वतःचं नाव सांगताना.' चांगली करतो. गो. स्वतःही हसला. नंतर एकटा असताना मला म्हणाला, माझे वडील कोझिकोडला शाळेत होते, हेडमास्तरने त्यांचं नाव बदलून घातलं, कारण जुनं नाव ऐकलं की जात कळायची. वडिलांना ते नवं नाव आवडलं नाही, पण ठेवलं. "मला कोणी बदलला नाही. मी सांभाळते. सांभाळतो."

रवि. २ फेब्रुवारी
हे नीट लिहून ठेवते.

धुळ्याचे आण्णा आले होते. आत्याचे दीर. आत्याचे यजमान गेल्यावर तिला तिथे ठेवून घेतलं नाही, पण कार्याला-सणाला स्वयंपाकाला बोलावतात, ते. बरोबर कुसुम, त्यांची मुलगी, नऊवारीत, केसांत अबोली. मला वाटलं सहज आले. मग आण्णांनी कोटाच्या खिशातून पत्रिका काढली.

भालेराव साहेबांनी धुळ्यात कोणाला तरी सांगितलं होतं: आमच्याकडे गोविंद वझे म्हणून हुशार उमेदवार आहे, एकटा, निर्व्यसनी, नोकरी पक्की होईल. आण्णांनी पुढचं स्वतःच जोडलं.

गो. ओसरीवर केसांना तेल लावत होता. आण्णांनी त्याला आत बोलावलं, शेजारी बसवलं. पोहे आले. त्याला वाटलं पाहुणे माझ्या मराठीचं कौतुक करायला आलेत. भरभरून बोलला.
"मूळ गाव?"
"कोझिकोडजवळ."
"हां, कोकणातून खाली गेलेलं घराणं," आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. "गेले होते बरेच."
"वडील?"
"शाळामास्तर."
"उत्तम. आजोबा?"
"आजोबा माडावर चढायचे. ताडी काढायचे. फार उंच. मी लहानपणी खाली उभी राहून बघायचे. बघायचो."

कुसुमने पोह्यांची बशी खाली ठेवली.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "वहिनी, हा काय प्रकार आहे?"
नाना काहीतरी बोलू लागले. आत्याने हात वर करून त्यांना थांबवलं. ती कधी पुरुषांसमोर हात वर करत नाही.
"प्रकार काही नाही," ती म्हणाली. "नाव वझे नाही हे शांताने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. बहिरी नाही मी."
"आणि तरी तुम्ही पंगतीला..."
"पानात काही टाकत नाही मुलगा. आणि बोलावल्याशिवाय आत येत नाही. आमच्यातले येतात."

आण्णा उठले. दारात चपला घालताना बोलले ते मला पूर्ण आठवतं. म्हणाले, "घरात अठ्ठावीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी, आणि असल्याला ओसरीवर ठेवून घेता. लोकांना सांगायला लागत नाही."

गो. मधोमध उभा. त्याला शेवटचं वाक्य कळलं की नाही, कळत नव्हतं. त्याने आण्णांना नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही.

मी पोह्यांच्या बश्या उचलल्या. आणखी काय करणार होते.

३ फेब्रु.
गो. सकाळी वळकटी बांधून तयार. "मी जाते, आत्या. जातो. माझ्यामुळे तुम्हाला त्रास."
आत्या: "भाकरी खाऊन जा."
भाकरी खाल्ली. मग तिने वळकटी उचलून परत खोलीत ठेवली. ऑफिसला आम्ही नेहमीप्रमाणे वेगवेगळे गेलो. मी रस्त्याच्या या बाजूने, तो त्या. आज मात्र आपण वेगवेगळे चालतो आहोत हे मला पूर्ण वेळ समजत होतं.

७ फेब्रु.
साहेबांना सगळं कळलं. जळगाव-धुळे अंतर काय ते. मला बोलावलं. वाटलं रागावतील. उलट खजील होते. "बाई, मी आपलं सोयीसाठी म्हणत होतो हो. एवढं लांबेल असं..."
मी म्हटलं, "होतं असं."
मग त्यांनी सुकलालला हाक मारली, "सुकलाल, त्या वझेंना पाठव," आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

१२ फेब्रु.
धुळ्याहून कार्ड. आण्णांच्या मुलाची मुंज, २३ ला. आत्याने यावं, पण स्वयंपाकघरात येऊ नये. बाहेर बसावं. कारण लिहिलेलं नाही.
मला वाटलं आत्या जाणार नाही. नाना म्हणाले जाऊ नकोस. आत्या म्हणाली, "पुतण्याची मुंज आहे. त्याने काय केलंय?"

रवि. २३ फेब्रु., धुळे
एस.टी.ने आलो, एरंडोल-पारोळ्यावरून. आत्याला गाडी लागते, खिडकीशी बसून लिंबू हुंगत होती.

मांडवात आम्हाला खांबापाशी सतरंजी. आत्या इतक्या वर्षांत या घराच्या कार्यात पहिल्यांदाच पंगतीला बसून जेवली. एरवी चुलीपाशी असायची, सगळे उठल्यावर चार घास. आज पान मांडलेलं, वाढायला माणसं. तिला कसं बसावं ते कळेना. पदर सारखा सावरत होती.

वरणात मीठ नव्हतं. कुरडया तेलकट. मला वाटलं आत्या आता काहीतरी बोलेल. तिने वाढप्याला थांबवून आणखी वरण मागून घेतलं आणि सगळं संपवलं. आण्णा पंगतीतून आग्रह करत फिरत होते. आमच्यापाशी आले. क्षणभर थांबले. आत्या म्हणाली, "झकास झालंय हो." आण्णा पुढे गेले. त्यांच्या मागच्या बायका एकमेकींना ढोसत होत्या. आपली जेवणं आत्याच्या हातची असायची हे त्यांनाही माहीत होतं.

बायकांच्या बैठकीत मी जाऊन बसले तेव्हा बोलणं बंद पडलं. मग कोणीतरी साडीचं काढलं. माझ्या साडीकडे सगळ्यांनी पाहिलं. साधीच होती.

कुसुम मला हात धुवायच्या जागी गाठून म्हणाली, "शांताताई, एक विचारू? ते अजून आहेत का तुमच्याकडे?"
"आहेत."
"दिसायला बरे होते," ती म्हणाली. मग भोवती पाहून, हळूच, "मला चाललं असतं." आणि पळाली. एकोणीस वर्षांची आहे.

परतीच्या गाडीत पारोळ्याच्या पुढे आत्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "तुझ्या मनात आहे का काही?"
"काय?"
"बरं."
पुढे एरंडोल आलं. तिथे उतरून चहा प्यायलो. आत्या बाहेरचा चहा पीत नाही. आज प्यायली.

२४ फेब्रु.
मनात आहे का. खरं तर आण्णांनी दारात ते वाक्य बोलेपर्यंत काही नव्हतं. निदान मी तसं कधी म्हटलं नव्हतं. आता दुसऱ्याने बोलून दाखवलं म्हणून आहे, की होतं ते त्याने बोलून दाखवलं? हे कसं ठरवायचं?
कागद संपले. कार्बन मागवायला हवा.

११ मार्च
समितीची बैठक. गो.ला संघाच्या धुळे शाखेत निरीक्षक म्हणून घ्यावं असं साहेबांनी सुचवलं. सदस्यांना पसंत. आबाही समितीवर आहेत, त्यांनी जोर लावला. अडचण एकच. एक सदस्य म्हणाले, नाव सोपं असावं. बागायतदारांना हाक मारता आली पाहिजे. कागदोपत्री जी. वझे असं करून घ्यावं, त्यांचं काय जातं?

गो.ला आत बोलावलं. मी बैठकीचं इतिवृत्त टिपत होते, म्हणून होते तिथे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, नको. असं असेल तर मी पुण्याहून परत गावी जातो.
साहेब: "अहो, शेतकऱ्यांना म्हणता येत नाही."
गो.: "बाईंचंही नाव म्हणता येत नाही, साहेब. नऊ वर्षं. तरी हजेरीपटावर त्यांचंच आहे. त्यांना कोणी विचारलं नाही, जोशी करू का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून लिहीत राहिले. काय लिहीत होते देव जाणे. 'सदर सूचनेवर चर्चा झाली' एवढंच ठेवलं शेवटी.
आबा म्हणाले, "वाययिल म्हनू आम्ही. आमाले काय." पण बाकीच्यांनी निर्णय जूनच्या बैठकीवर ढकलला.

१२ मार्च
ऑफिसला येताना आज रस्त्याच्या एकाच बाजूने चाललो. ठरवून नाही. तिकडे खडी टाकत होते.

१९ मार्च
देवरेचा शेवटचा दिवस. त्याची परीक्षा आधी. निघताना सगळ्यांच्या नकला एकामागून एक केल्या. गो.च्या नकलेत मधलं अक्षर अगदी बरोबर म्हटलं. गो. चकित. "तुला येतं?"
"केव्हाच येतं," देवरे म्हणाला. "पण मग हसणार कोण?"
गो. हसला नाही. देवरेने ते पाहिलं. मग त्याचा हात हातात घेऊन जोराने हलवला आणि स्टेशनवर गेला.

२१ मार्च, पाडवा
आत्याने गुढीला लावायची साखरेची गाठी गो.ला आणायला पाठवलं. त्याने दोन आणल्या. एक गुढीला, एक माझ्यासाठी. ही लहान मुलांना घालतात, मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं," म्हणाला. मी घातली नाही. खाल्ली.

५ एप्रिल
ऊन फार. दुपारी ऑफिसात पंखा बंद पडला, साहेब जेवायला घरी. सुकलाल व्हरांड्यात पाणी शिंपडत होता. गो. आपल्या कामाचा अहवाल मला टाइप करायला घेऊन आला. समोर बसला. एक पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्ये तो म्हणाला, मराठीत, हळू:
"जूनमध्ये माझं ठरेल. धुळे, नाही तर गाव. दोन्हीकडे... तुम्ही माझ्याबरोबर आली तर..."
"आलात तर," मी म्हटलं.
"आलात तर."
"हं."
"पुढचं वाक्य मला येत नाही," तो म्हणाला.
सुकलाल बादली घेऊन आत आला. मी उरलेलं पान टाइप केलं. त्यात चार चुका. मी चुका करत नाही.

संध्याकाळभर हाच विचार. मी व्याकरण दुरुस्त केलं. ते त्याला उत्तर वाटलं नसेल ना? की वाटलं असावं असं मला...

८ एप्रिल
नानांना सांगितलं. देवळातून परत येताना. नाना म्हणाले, "मलबारात पाऊस फार असतो म्हणे." थोड्या वेळाने: "तुझी आई असती तर तिने काय म्हटलं असतं मला माहीत आहे. म्हणून ते सांगत नाही." आणि घराशी आल्यावर: "माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस. कुठल्याही बाजूने."
आत्याला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नाही.

भीती वाटते का? वाटते. धुळ्यात त्या सतरंजीवर बसल्याचं आठवतं. ते तर एका दिवसापुरतं होतं. आणि अनोळखी भाषेत, अनोळखी घरात, मी कोणाची शेजारीण होणार, आणि ते माझं नाव कसं म्हणणार? त्याची आई मला बघून काय म्हणेल? तिनेही मुलासाठी कोणीतरी मनात धरलेली असेलच. हे सगळं त्याला विचारता येईल. विचारलं तर उत्तर दिल्यासारखंच होईल.

१६ एप्रिल
गो. गेला. पुण्याला परीक्षा, मग गावी. आत्याने डबा दिला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि वर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, जे तिने मला दाखवलं नाही. तो आत्याच्या पाया पडायला वाकला. आत्या मागे सरली नाही.

स्टेशनवर नाना आणि मी. गाडी उशिरा. नाना मुद्दाम पुस्तकांच्या दुकानाकडे गेले.
गो. म्हणाला, "आता काही सांगू नका. जूनच्या बैठकीला मी येतो. तेव्हा."
"नोकरी नाही मिळाली तर?"
"तरी येतो."
गाडी आली. चढताना दारात वळून म्हणाला, "बरं, येतो हं." या वेळी बरोबर म्हणाला.

२ मे
खोली रिकामी. आत्याने झाडून घेतली. भाडेकरू बघायचा का, नानांनी विचारलं. आत्या म्हणाली, "जूननंतर बघू."

धुळ्याहून कुसुमचं लग्न ठरल्याची वार्ता. मुलगा नाशिकचा. आत्याला स्वयंपाकाला बोलावलंय. स्वयंपाकघरात. आत्याने कळवलं की तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत आहे. आज दुपारी आंब्याच्या फोडी करत बसली होती, गुणगुणत.

२० मे
साहेबांनी पुढच्या हिवाळ्याच्या उमेदवारांची नावं पुण्याहून मागवली. आली. मला वाचायला दिली. दोघे आहेत, एक आसामचा. साहेबांनी या वेळी आधीच विचारलं, "बाई, हे नाव नक्की कसं म्हणतात, शोधून ठेवा. आल्यावर घोळ नको." मी बरं म्हटलं.

मग रजांचं निघालं. जूनच्या बैठकीचं इतिवृत्त कोणी टिपायचं, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये मी आजारी होते.
"या जूनमध्ये तुम्ही आहात ना इथे?"
सरळ प्रश्न होता. मी यादीतल्या आसामच्या नावाखाली रेघ ओढत राहिले. साहेबांनी मान वर करून पाहिलं.
"पत्राने विचारून सांगते," मी म्हटलं.
कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.